वादांत कोणास जिंकावें?

चावडीवर किंवा बाजारांत धर्माविषयीं वाद निघाला कीं आम्ही बोलण्यास तत्काळ सिद्ध होतों. परंतु आम्ही कशासाठीं बोलतों, हा प्रश्न स्वतःस क्वचितच विचारितों.

प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायांत अपुल्लोसाची हकीकत आहे. तो आलेक्सांद्रियाचा, शास्त्रांत प्रवीण व मोठा वक्ता. परंतु योहानाच्या बाप्तिस्म्यापलीकडचें त्यास ठाऊक नव्हतें. इफिस येथील सभास्थानांत तो बोलत असतां अक्विला व प्रिस्किल्ला हें तंबू करणारें जोडपें ऐकत होतें. त्यांस त्याची उणीव दिसली. चारचौघांत त्यांस त्याचें खंडन करितां आलें असतें. त्यांनीं तसें न करितां त्यास जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजाविला. पुढें हाच अपुल्लोस अखया प्रांतांत गेला, तेथें लोकांसमक्ष मोठ्या जोरानें वाद करूं लागला, आणि विश्वासणाऱ्यांस त्याचें फार साहाय्य झालें. म्हणजे उघड वाद वर्ज्य नाहीं. परंतु त्याची तयारी प्रीतीच्या एकांतांत झाली.

आपल्या प्रांतांतही इ. स. १८५७ त मुंबईच्या समुद्रकिनारीं विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे वाद झाले, आणि त्यांचा वृत्तांत छापिला गेला. कोण काय बोलला हें छापितां येतें. कोणाचें अंतःकरण कोणाच्या जवळ आलें, हें छापितां येत नाहीं.

येथें आम्हांस आमचीही चूक कबूल केली पाहिजे. एकदां वादाच्या भरांत एका शेजाऱ्यानें विचारिलें, "देव न्यायी आहे, तर माझें लेंकरूं कां गेलें?" आम्हीं वचनामागून वचन काढून त्यास निरुत्तर केलें. जमलेले लोक "वाहवा" म्हणाले. तो मुकाट्यानें उठून गेला, तो पुन्हां आमच्या दारीं आला नाहीं. आम्हीं त्याचें तोंड बंद केलें, आणि त्याबरोबर त्याचे कानही बंद झाले. तो वाद करीत नव्हता, तो रडत होता. हें आम्हांस फार उशिरां कळलें.

म्हणून बंधुभगिनींनो, सत्य लपवूं नका. परंतु दुसऱ्याचें म्हणणें आधीं पुरतें ऐका. त्याचें खरें असेल तें मान्य करा, व चुकत असेल तें त्यास एकांतीं सांगा. वाद जिंकून शेजारी गमावला, तर प्रभूपुढें आम्ही कोणता हिशेब देणार?

या आठवड्यांत आम्ही त्या शेजाऱ्याच्या घरीं जाणार आहों. या वेळीं बोलण्यास नव्हे, ऐकण्यास.