दुःखाचे पुरते माप

एखाद्यावर संकटांमागून संकटे आली की ‘देवावर सोपवा, सगळे ठीक होईल’ असे सांगणारे चहूकडून भेटतात. ख्रिस्ती श्रद्धेकडूनही पुष्कळदा याच दिलाशाची अपेक्षा असते. बायबल मात्र तो इतक्या सहजी देत नाही. ईयोबाची मुले गेली, संपत्ती गेली, अंगभर गळवे उठली, तेव्हा मित्रांनी त्याच्यापुढे पाप आणि शिक्षेचा चोख हिशेब मांडला. देव शेवटी ईयोबालाही खडसावतो, पण खरे बोलल्याची पावती त्यालाच देतो आणि संतापतो तो मित्रांवर. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्याची स्तोत्रे कितीतरी आहेत. 88वे तर अंधारातच संपते. गेथशेमानेत येशू स्वतः हे दुःख टळावे म्हणून याचना करतो, आणि वधस्तंभावर त्याच्या तोंडी येते ती 22व्या स्तोत्राच्या आरंभीची, देवाने टाकल्याची तक्रार. म्हणजे इथे आक्रोश हीसुद्धा प्रार्थनाच. माझ्या मते दृष्टी मिळू लागते ती इथून: दुःख क्षुल्लक आहे असे स्वतःला पटवावे लागत नाही, ते पुरत्या मापाने कुणापुढे तरी मांडता येते.

पण गाऱ्हाणे मांडून माणूस तिथेच बसून राहू शकतो. पुढचे पाऊल कसे पडते ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. आईवडील उपासमारीत गेले, मग बहीण. 1880मध्ये भाऊ, 1882मध्ये पती, पदरात तान्ही मनोरमा. वैद्यक शिकायला त्या इंग्लंडला गेल्या, तर कानांनी दगा दिला. 1883मध्ये तिथेच, वाँटेज गावी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणून पुढची दुःखे चुकली नाहीत. धर्मांतराच्या आरोपावरून रानडे-भांडारकर रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदन या शाळेपासून दूर झाले. 1921मध्ये मनोरमाही गेली. बदलली ती दुःखाची आयुष्यातली जागा. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. तारुण्यात त्या स्वतः तशाच अन्नावाचून वणवण फिरल्या होत्या. भुकेल्याला दिले ते मलाच दिले, असे येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगतो. हे मानणाऱ्याची जुनी भूक नुसती जखम राहत नाही, तिच्यावरून दुसऱ्याची भूक ओळखता येते. मुक्तीच्या छापखान्यात मुली खिळे जुळवत, आणि हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या मराठी बायबलची मुद्रिते रमाबाई लेक गेल्यावरही तपासत राहिल्या.

मार्क्सने धर्माला अफू म्हटले. ती पाजली गेली हे खरेच. निमूट सोसा, स्वर्गात फळ मिळेल, हे गुलामांना चर्चमधूनही सांगितले गेले. रमाबाईंना मात्र श्रद्धेने ना गप्प बसवले, ना निष्क्रिय केले; वाँटेजच्या धर्मभगिनींशी त्यांनी सिद्धांतांवरून कडाक्याचा वाद घातला. तरीही नैराश्याच्या आजारात प्रार्थना पुरे, असे सांगणे घातक आहे. तिथे डॉक्टर हवाच, आणि औषध घेतल्याने श्रद्धा उणी ठरत नाही. सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे: हे सारे देवाशिवायही जमते. आगरकरांनी ईश्वराचा आधार न घेता दारिद्र्य, दमा आणि लोकनिंदा सोसून काम केले, तेव्हा मनोधैर्याचा मक्ता श्रद्धेकडे देता येणार नाही. पण एकाला ते श्रद्धेविना साधले म्हणून दुसरीच्या श्रद्धेचा त्यात वाटा नव्हता, असे कसे म्हणावे? रमाबाईंनी आपल्या कामाचे श्रेय ख्रिस्ताला दिले. त्यांचे सारे काम मान्य करून एवढीच साक्ष बाजूला सारायची, तर त्यासाठी आपल्या आवडीनिवडीपलीकडचे कारण द्यावे लागेल, आणि ते मला कुठे सापडलेले नाही.