प्रमाणाचे प्रमाण

औषधे व प्रसाधने यांविषयीच्या १९४० च्या कायद्याचे पंचविसावे कलम आम्हां वकिलांच्या चांगल्या परिचयाचे आहे. सरकारी विश्लेषकाचा अहवाल हा पुरावा होय. आणि ज्याच्याकडून नमुना घेतला त्याने प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी हरकत कळविली नाही, तर तो पुरावा निर्णायक ठरतो. हरकत घेतली तर न्यायालय नमुना कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवू शकते. तिचा शब्द अखेरचा. मनुष्याचा परवाना, अब्रू, प्रसंगी स्वातंत्र्यही या एका कागदावर तोलले जाते. तेव्हा विचारणे प्राप्तच आहे की, विश्लेषकाने ज्या मापाने औषध मोजले, ते माप कोणी मोजले?

डेक्सामेथासोन हे कॉर्टिकोस्टेरॉइड वर्गातील औषध घेऊ. ते द्रवाच्या प्रवाहाबरोबर सूक्ष्म कणांनी भरलेल्या नळीतून सोडतात. किती वेळाने बाहेर पडते यावरून ते कोणते, आणि आलेखावरील शिखराच्या क्षेत्रफळावरून ते किती, हे ठरते. पण दोन्ही उत्तरे तुलनेची आहेत. ज्ञात शुद्धतेचा नमुना त्याच यंत्रातून गेला नसेल, तर ते शिखर मुके राहते. या नमुन्यास संदर्भ-मानक म्हणतात. आपल्याकडे गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग अशी मानके पुरवितो. लहानशा कुपीत काही मिलिग्रॅम पांढरी भुकटी, एवढेच तिचे रूप. तिची गरज किती, हे बीटामेथासोनकडे पाहिले म्हणजे कळते. दोहोंचे अणू तेच, संख्या तीच, रेणुभार तोच. केवळ सोळाव्या कार्बनवरील मेथिल गट एकात खालच्या बाजूस, तर दुसऱ्यात वरच्या. नुसता तराजू येथे काय सांगणार?

बरे, त्या कुपीची शुद्धता कशावरून? तिच्यातील पाणी, उरलेले द्रावक, सजातीय अशुद्धी वेगवेगळ्या रीतींनी मोजून शंभरातून वजा करतात, आणि अनेक प्रयोगशाळांची उत्तरे ताडून पाहतात. पण त्या रीतींनाही मापे लागतातच. मग अनवस्थेचा दोष आला, असे कोणी म्हणेल.

हा आक्षेप नवा नाही. प्रमाणे कशाने सिद्ध होतात, असे नागार्जुनाने नैयायिकांना विचारले होते. न्यायसूत्रांत त्यावर तराजूचा दृष्टान्त आहे, व वात्स्यायनाने तो उलगडला आहे: तराजू सोन्याचे वजन सांगतो, पण दुसऱ्या तराजूची शंका आली, तर त्याच सोन्याने तो तराजू पारखता येतो. जे आज प्रमाण, ते उद्या प्रमेय होऊ शकते. आम्हांस हे उत्तर केवळ वादकौशल्य वाटत नाही. कुपीलाही मुदत असते. ओलावा व उजेड यांनी ती बिघडते. आणि जुना साठा संपला की नव्या साठ्याला जुन्याच्या शेजारी उभे राहून परीक्षा द्यावी लागते. उलट २०१९ पर्यंत किलोग्रॅम म्हणजे सेव्ह्रच्या तिजोरीतील एक धातूचा दंडगोलच होता. तो झिजला तरी व्याख्येने तोच बरोबर! हा डौल कुपीला नाही, आणि आमचा विश्वास तिच्यावर बसतो तो त्यामुळेच.

कायद्याला मात्र कोठे तरी थांबावे लागते, म्हणून तो 'निर्णायक' हा शब्द वापरतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या शब्दाआड चौकशी टाळण्याबद्दल. कारण ही भुकटी नसेल तर हानी कोणाची? सांधेदुखीवरच्या 'निव्वळ वनस्पतींच्या' चूर्णांत गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचे वेळोवेळी आढळले आहे. म्हाताऱ्या माणसास आठवड्यात चालता येऊ लागते; देवाची कृपा म्हणून तो नवस फेडून येतो. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि महिनोन्‌महिने घेतलेले चूर्ण एके दिवशी एकाएकी सोडले, तर स्वतःचे संप्रेरक करण्याचे काम विसरलेली अधिवृक्क ग्रंथी वेळेवर जागी होत नाही, प्राणावर बेतते. त्या पुडीत काय होते हे निश्चयाने सांगायचे, तर शेजारी मानक हवे. आणि विकणाऱ्याच्या बाजूने उभे राहिलो, तरी उलटतपासणीत पहिला प्रश्न आम्ही त्या कुपीचाच विचारू: साठा कोणता, मुदत कोणती, उघडली केव्हा. विश्लेषकाने याचा राग मानू नये. त्याची नोंदवही बरोबर असेल, तर उत्तर दोन ओळींचे आहे.