अक्षरें आणि त्यांचा कर्ता

माझ्या कपाटांत पेंग्विन मालेचीं कांहीं जुनीं नारिंगी पुस्तकें आहेत. १९३५ सालीं ही माला निघाली, तेव्हां तिच्या मुखपृष्ठांसाठीं 'गिल सॅन्स' हें इंग्रजी टाइपाचें वळण निवडण्यांत आलें. परवां एका विद्यार्थिनीनें त्यांतील एक पुस्तक हातीं घेऊन विचारलें, "सर, हीं अक्षरें घडविणाऱ्याचें चरित्र ठाऊक असूनही आपणांस तीं सुंदर कशीं वाटतात?" प्रश्न सरळ होता, उत्तर मात्र मला तत्काळ देतां आलें नाहीं.

मोनोटाइप कंपनीनें हें वळण १९२८ सालीं बाजारांत आणलें. इंग्रजी अक्षरांच्या टोकांस जी बारीक आडवी रेघ असते ती यांत नाहीं. रेषा स्वच्छ आणि डोळ्यांस सुखद. रेल्वेच्या पाट्यांपासून पुस्तकांपर्यंत तें इंग्लंडांत सर्वत्र पसरलें. त्याचा कर्ता एरिक गिल (१८८२-१९४०) हा शिल्पकार असून धर्मनिष्ठ कॅथलिक म्हणून ख्यात होता. १९८९ सालीं फिओना मॅकार्थी यांनीं लिहिलेलें त्याचें चरित्र प्रसिद्ध झालें, आणि त्याच्याच रोजनिशीच्या आधारें जगास कळलें कीं, या माणसानें आपल्या पोटच्या मुलींवर लैंगिक अत्याचार केले होते.

कृति कर्त्याहून निराळी असते, हें अशा वेळीं दिलें जाणारें नेहमींचें उत्तर. परंतु गिलचा असा बचाव त्याच्याच मतानें लंगडा पडतो. कारागिराचें काम, त्याचा धर्म आणि त्याचें जीवन हीं एकरूप असावींत, असेंच तो जन्मभर प्रतिपादीत आला. त्याची शिकवण खरी मानावी तर त्याचें जीवन आपणांस दृष्टीआड करतां येत नाहीं.

उलट पक्षीं, हीं अक्षरें टाकूनच द्यावींत हें म्हणणेंही मला पटत नाहीं. अक्षर कोणाच्या दुष्कृत्याचें समर्थन करीत नाहीं. शिवाय हें वळण एकट्या गिलचें नव्हे. एडवर्ड जॉन्स्टन हा त्याचा गुरु. त्यानें लंडनच्या भुयारी रेल्वेसाठीं घडविलेल्या अक्षरांचा या वळणावर स्पष्ट संस्कार आहे. गिलच्या रेखाटनांवरून छपाईचे खिळे सिद्ध करण्यांत मोनोटाइपच्या कारखान्यांतील अनेक हातांचे श्रम खर्ची पडले. एकाच्या पापाचें माप या सर्वांच्या पदरांत घालणें न्याय्य नव्हे.

मला वाटतें, आपण वापर, गौरव आणि मौन या तीन गोष्टींची गल्लत करतों. अक्षरांचा वापर केल्यानें कर्त्याचा गौरव होतोच असें नाहीं. भर रस्त्यावर उभ्या असलेल्या शिल्पाची गोष्ट निराळी. लंडन येथील बी. बी. सी.च्या इमारतीवरील गिलच्या शिल्पावर २०२२ सालीं एका माणसानें हातोडा चालविला. दगड फोडून त्या मुलींस न्याय मिळत नाहीं. पण त्यांचें नांवही न काढतां शिल्पाचें कौतुक करीत राहणें हा अन्यायाचाच पुढला अध्याय होय. असें पाप बंद दारांआड वाढतें, आणि आपलें मौन हें त्याच दाराचें कुलूप ठरतें.

त्याच वर्षीं 'सेव्ह द चिल्ड्रन' या बालकांच्या रक्षणार्थ झटणाऱ्या संस्थेनें हें वळण सोडण्याचें ठरविलें. तें मला योग्य वाटतें. अक्षरें विटाळलीं म्हणून नव्हे. जिच्याकडे पीडित मूल विश्वासानें पाहतें, तिचें कर्तव्य इतरांहून अधिक कठोर असतें म्हणून.

त्या मुलीस मीं एवढेंच सांगितलें कीं, पुस्तकें मी टाकणार नाहीं. अक्षरें सुंदर आहेत हेंही नाकारणार नाहीं. मात्र यापुढें तीं कोणास दाखवितांना अर्धीच हकीकत सांगणार नाहीं. तिनें पुस्तक कपाटांत परत ठेविलें. तिचें समाधान झालें कीं नाहीं, हें मीं विचारलें नाहीं. माझेंही पुरतें झालें आहे असें नाहीं.