नावाचा संकेत आणि त्याचे मानकरी

नाव हे माणसाचे सत्त्व आहे की व्यवहारापुरती लावलेली खूण, हा प्रश्न ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात राजा आणि भिक्षू यांच्या पहिल्याच संवादात उभा राहतो. राजा नाव विचारतो, तेव्हा भिक्षू नागसेन उत्तर देतात की आपल्याला नागसेन म्हणून ओळखतात खरे, परंतु ही ‘पञ्ञत्ति’, म्हणजे लोकसंमतीने चालणारी संज्ञा आहे आणि तिच्यामागे ‘पुग्गल’, म्हणजे न बदलणारी अशी कोणी व्यक्ती, सापडत नाही. हा प्रश्न विचारणारा राजा स्वतः परक्या नावाचा होता, हे येथे विसरता येत नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतावर राज्य करणाऱ्या मेनान्द्रोस या ग्रीकाचे नाव पालीत ‘मिलिंद’ झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला त्याच राजाचे नाव दिले आणि आज ते कोणाही मराठी माणसाला परके वाटत नाही.

नाव हा नुसता संकेत असेल, तर ते कसेही उच्चारले, त्यातले कुलनाम कोणते हे ठाऊक नसले, तरी काय बिघडते, अशी शंका यावर निघू शकते. पण ती टिकत नाही. जे वस्तूच्या स्वभावातच असते ते निरीक्षणाने कळते, संकेत मात्र ज्यांनी तो पाळला त्यांच्याकडूनच शिकावा लागतो. आपलाच संकेत हा नावाचा स्वभाव मानणे, म्हणजे नागसेनांनी नाकारलेले सत्त्व मागच्या दाराने पुन्हा आत घेणे होय.

सोलापूरलगतच्या कुंभारी गावात या विचाराला रोजच्या व्यवहारात अर्थ आहे. येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये तेथीलच रे नगर या वसाहतीतील १५,००० घरे कामगारांच्या स्वाधीन झाली. सोलापूरच्या कामगारवर्गात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारे आहेत. तेलुगू परंपरेत ‘इंटिपेरु’, म्हणजे घराण्याचे नाव, आधी येते, तर अनेक मुस्लिम कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालणारे आडनावच नसते. या घरांसाठी लढलेले नरसय्या आडम यांचे आडनाव बायबलातील आदामाशी जोडणारा वाचक इतरत्र भेटू शकेल, सोलापुरात भेटणार नाही. सहवासाने जे ज्ञान येते ते असे असते.

सहवास नसेल तेथे ते प्रयत्नाने मिळवावे लागते. सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, तेव्हा तेथील लोकांनी त्यांना ‘के दिहुआ’ हे नाव दिले आणि ‘के’ हे कुलनाम चिनी रीतीने आधी ठेवले. त्यांच्या पुत्राचे नाव ‘यिनहुआ’ होते, ज्यातील ‘यिन’ भारताचा आणि ‘हुआ’ चीनचा निर्देश करतो. परक्या माणसाला आपल्या नामपद्धतीत इतक्या आदराने सामावून घेणाऱ्या समाजाची नावे कोटणीसांच्या गावाला अनोळखी राहावीत, ही उणीव खरोखर मोठी आहे. त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान यांच्या नावात ‘गुओ’ हे कुलनाम असून, चिनी स्त्री विवाहानंतरही ते सोडत नाही. तेव्हा कोटणीसांचे चरित्र शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे नाव त्याच क्रमाने, पूर्ण उच्चारून शिकवावे, आणि कुंभारीच्या मुलांची नावे हजेरीपटावर लिहिताना त्यातले घराण्याचे नाव कोणते, हे आधी घरच्यांना विचारावे.