वाचलेले पेट्रोल आणि दिग्व्रत

कमी इंधन पिणारी गाडी घेऊन पैसे वाचवणे हा वरवर पाहता निव्वळ हिशेबाचा विषय आहे. नीतिविचाराच्या दृष्टीने मात्र त्यातून एक जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो: यंत्राने केलेली बचत हा माणसाचा संयम मानायचा का? नाशिकमध्ये या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकाच शहरात सापडतात. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत बॉशच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही ‘मायको’च्या, कारखान्यात डिझेल इंजिनात इंधन फवारणारी नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. इंधनाचा थेंब जितका बारीक आणि वेळेवर फवारला जाईल, तितके त्याचे ज्वलन पूर्ण होते आणि तेवढ्याच डिझेलमध्ये गाडी पुढे जाते. शहराच्या उत्तरेला म्हसरूळजवळ चामर लेण्यांच्या डोंगरावर गजपंथ हे दिगंबर जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. तिथल्या परंपरेत गृहस्थाने किती दूर जावे यालाच मर्यादा घालणारे व्रत सांगितले आहे.

आधी हिशेब. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज लिटरला १२ किलोमीटर असेल तर १,००० लिटर पेट्रोल लागते. २० असेल तर ६००. लिटरला १०० रुपये धरले तर वर्षाचे ४०,००० रुपये वाचतात. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे धुरातूनही ९०० किलोंहून अधिक वायू कमी होतो. या हिशेबात एक खोच आहे. अ‍ॅव्हरेज १० वरून १५ वर गेले तर तेवढ्याच अंतरात ४०० लिटर वाचतात. २० वरून २५ वर गेले तर फक्त १२०. दोन्हीकडे फरक पाचाचाच दिसतो, पण खरी बचत सर्वांत खादाड गाडी बदलण्यात असते. आधीच काटकसरी असलेली छोटी गाडी विकून आणखी काटकसरी गाडी घेणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही. शिवाय विकलेली जुनी गाडी बहुधा भंगारात जात नाही, दुसऱ्याच्या दारात जाते आणि तिथे तितकेच इंधन जाळते. कृती स्वतः करणे, करवून घेणे आणि तिला अनुमोदन देणे हे तिन्ही जैन आचारशास्त्र विचारात घेते. त्या कसोटीवर केवळ मालकी बदलून झालेली बचत अर्धीच ठरते.

बचत आणि एकूण वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाच्या संदर्भात दाखवले. जेम्स वॉटचे वाफेचे इंजिन आधीच्या न्यूकमेनच्या इंजिनापेक्षा तेवढ्याच कामाला पुष्कळ कमी कोळसा खाई. तरीही इंग्लंडचा कोळशाचा एकूण वापर वाढला, कारण वाफ स्वस्त झाल्यावर ती जिथे परवडत नव्हती तिथेही वापरली जाऊ लागली. मोटारींच्या बाबतीत हा परिणाम इतका टोकाचा नाही. श्रीमंत देशांतल्या अभ्यासांचे अंदाज साधारण असे आहेत की, अपेक्षित बचतीपैकी १० ते ३० टक्के जास्त फिरण्यात जाते. म्हणजे बहुतांश बचत टिकते. जेव्हन्सचे नाव घेऊन काटकसरी गाडीच निरर्थक ठरवणे हा आळशी युक्तिवाद आहे. तरी जे निसटते ते कुठून निसटते, हे पाहण्यासारखे आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि त्या रस्त्यावर गाडी ताशी १२० किलोमीटरने नेता येते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० च्या वेगाला मिळणारे अ‍ॅव्हरेज १२० ला मिळत नाही. इंजिनाने वाचवलेले पेट्रोल चालकाचा उजवा पाय परत खर्च करतो.

जैन परंपरेत श्रावकाची, म्हणजे गृहस्थाची, बारा व्रते सांगितली आहेत: पाच अणुव्रते, तीन गुणव्रते आणि चार शिक्षाव्रते. गुणव्रतांमधले दिग्व्रत म्हणजे दाही दिशांना आपण कुठवर जाऊ याची जन्मभरासाठी आखलेली सीमा. देशव्रत त्याच्या आत ठरावीक काळापुरती आणखी लहान सीमा आखते. नदी, डोंगर, गाव अशा खुणा सांगून ती मर्यादा बांधली जाते. तिच्या पलीकडच्या जीवांना आपल्याकडून पीडा होणार नाही, हा त्यामागचा अहिंसेचा तर्क. म्हणजे इथे माप दर किलोमीटरचे नाही, एकूण पल्ल्याचे आहे. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात दिग्व्रताचे अतिचार, म्हणजे व्रतपालनातले दोषही सांगितले आहेत: वर, खाली आणि आडव्या दिशेने मर्यादा ओलांडणे, मर्यादेचा विसर पडणे आणि क्षेत्रवृद्धी. टीकाकारांनी क्षेत्रवृद्धीचा एक प्रकार असा समजावला आहे की, एका दिशेला न वापरलेले अंतर दुसऱ्या दिशेच्या मर्यादेत मिळवायचे. पूर्वेला गेलो नाही, म्हणून पश्चिमेला तेवढे अधिक जाऊ, असा हा हिशेब. कामाच्या दिवसांत वाचलेल्या पेट्रोलवर रविवारी कसारा घाट उतरून यायचे, हे त्याचेच आधुनिक रूप. अर्थशास्त्राला जे १८६५ मध्ये आकड्यांत दिसले, ते आचारशास्त्राने शतकानुशतके आधी मनाच्या खोडीच्या रूपात नोंदवून ठेवले होते.

याच गुणव्रतांमध्ये अनर्थदंडविरती येते, म्हणजे निष्प्रयोजन हिंसेचा त्याग. तिचा एक भाग प्रमादचर्येचा, म्हणजे बेफिकीर वागण्याचा. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, आग पेटवणे यांच्यासोबत उगीच भटकणे आणि दुसऱ्याला भटकायला लावणे हेही त्यात मोजले आहे. इथे प्रयोजनाचा निकष महत्त्वाचा ठरतो. पिकअपमध्ये कांदा भरून लासलगावच्या बाजार समितीत जाणाऱ्या शेतकऱ्याची फेरी निष्प्रयोजन नाही. त्याला पल्ला कमी करायला सांगणे म्हणजे उपजीविका कमी करायला सांगणे. त्याच्यासाठी संयमाची जागा खरोखर यंत्रानेच घ्यावी: चांगले इंजेक्टर, टायरमध्ये पुरेशी हवा, सोबत शेजाऱ्याचा माल. हौसेने फिरणाऱ्याकडे मात्र दोन्ही मार्ग खुले असतात, आणि तो बहुधा सोपा मार्ग निवडून दुसऱ्या मार्गाचेही श्रेय घेतो.

वाचलेल्या पैशाचे काय, हा प्रश्न उरतोच. तुकोबांच्या विचारात धन मिळवणे दोषास्पद नाही. ते कसे मिळवले आणि खर्च करताना मन त्यात कितपत गुंतले, हे पाहिले जाते. ४०,००० रुपये मुलांच्या शिक्षणाला, कर्जफेडीला किंवा विमानाच्या तिकिटाला गेले, तर गाडीची काटकसर तीच राहते. पण तिकिटाच्या बाबतीत इंधन केवळ एका टाकीतून दुसऱ्या टाकीत गेलेले असते. हा अप्रत्यक्ष खर्च मोजणे अवघड असते, म्हणून तो हिशेबातून गळतो.

तीर्थयात्रेत ही मोजपट्टीच बदलते. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनासाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरला पायी येतात. नाशिकहून ते अंतर गाडीने तासाभराचेही नाही. दिंडीतला माणूस पेट्रोल वाचवायला चालत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चालणे हे तिथे पोहोचण्याचे साधन नसून यात्रेचाच भाग आहे. गाडीने जाणाऱ्याला अंतर हा अडथळा वाटतो आणि अ‍ॅव्हरेज हा तो स्वस्तात पार करण्याचा उपाय. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात, २०१५ नंतर आता २०२७ मध्ये, दोन्ही प्रकारचे यात्रिक एकाच रस्त्यावर असतील. शासनाला नियोजन वाहनांचेच करावे लागेल: शहराबाहेर वाहनतळ आणि तिथून पुढे बस. खासगी गाडीला सीमेवर थांबवणारा हा नियम गर्दीसाठी केलेला असतो. त्याचा परिणाम देशव्रतासारखाच होतो, फक्त ती मर्यादा यात्रेकरूने स्वतः घेतलेली नसते.