बटणामागचा कर्ता

खंडेनवमीला भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहानमोठ्या शेडमध्ये लेथचा आवाज थांबतो. कामगार धातूचा कीस झाडतात, तेलाचे डाग पुसतात आणि मशीनला हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घालतात. ज्या हत्यारावर वर्षभर घर चालतं, ते आपल्या कामात बरोबरीचं वाटेकरी आहे, हे इथल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात हीच गोष्ट शास्त्र म्हणून येते. कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधन, चेष्टा म्हणजे हालचाल, आणि दैव. सगळं आपणच केलं असं मानणाऱ्याला खरं दिसत नाही, असं गीता बजावते. त्या गीतेवर १२९० साली मराठीत भाष्य करणाऱ्या ज्ञानेश्वरांची समाधी चाकणच्या शेजारी, आळंदीत आहे.

पिंपरीत तयार होणारी टाटा सफारी किंवा चाकणची महिंद्रा बीई ६ पाहिली, की या पाच कारणांचा हिशेब नव्याने मांडावासा वाटतो. या गाड्यांच्या अनेक प्रकारांत हँडब्रेकचा दांडा नसतो. त्या जागी एक लहानसं बटण. पूर्वी दांडा ओढताना एकेक दाता कटकट करत अडकायचा आणि मनगटाला कळायचं, बसला ब्रेक. तिथे हात कर्ताही होता आणि करणही. आता हात फक्त इच्छा सांगतो.

पुढचं काम मागच्या चाकांपाशी होतं. तिथल्या छोट्या मोटारी स्क्रू फिरवून ब्रेक पॅड डिस्कवर आवळतात. कान दिला तर बारीकशी घुंई ऐकू येते. एकदा आवळल्यावर वीज गेली तरी ती पकड सुटत नाही. मात्र बॅटरी पुरती उतरली, तर बटण दाबूनही ब्रेक निघत नाही. पाचवं कारण तिथे भेटतं.

मग जबाबदारी कुणाची? मोटारीने ब्रेक लावला म्हणून ती मोटारीकडे जात नाही. उलट मनगटात जोर नसलेल्या म्हाताऱ्या माणसालाही तरुणाइतकीच घट्ट पकड मिळते, हे या बटणाचं मोठं देणं आहे. बदलली ती खात्री करून घेण्याची जागा: मनगटाला कळायचं ते आता डोळ्यांनी पाहायचं. गाडी पूर्ण थांबवून, पाय ब्रेकवर ठेवून बटण ओढायचं आणि समोरचा लाल दिवा लागल्याशिवाय पाय उचलायचा नाही. चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत, थांबलेल्या गाडीचा ब्रेक आपोआप धरून ठेवणारा ऑटो होल्ड पायाला विसावा देतो, पण तो पार्किंग ब्रेक नव्हे. त्याच्या भरवशावर चढावर गाडी सोडून उतरणं ही श्रद्धा नाही, हयगय आहे. चालत्या गाडीत पायाचा ब्रेक निकामी झाला, तर बऱ्याच गाड्यांत हेच बटण ओढून धरायचं असतं. सोडलं की ब्रेकही सुटतो. यंत्र तिथेही माणसाचा निश्चय क्षणाक्षणाला विचारत राहतं.

नव्या गाडीची पूजा होते, नारळ फुटतो, चारही चाकांखाली लिंबं ठेवली जातात. आयुष्यभर टेम्पो चालवलेले एखादे वडील चालकाच्या जागी बसतात आणि सवयीने डावा हात दांडा शोधतो. मुलगी बटण दाखवते. ते सीटबेल्ट लावतात, ब्रेकवर पाय ठेवतात, बटण खाली दाबतात. लाल दिवा विझल्याचं नीट पाहून घेतात, आणि मगच लिंबं फुटतात.