हिरा तोच, भाव उतरला

जगातल्या बहुसंख्य हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात. त्यांत आता प्रयोगशाळेत वाढवलेले हिरेही आले. दोन्ही कार्बनच, नुसत्या डोळ्यांनी जाणकारालाही फरक सांगता येत नाही. 2018 मध्ये डी बीअर्स या हिरे कंपनीने वेगळ्या ब्रँडखाली असे हिरे कॅरेटला 800 डॉलरने विकायला काढले, तेव्हा केवढा गाजावाजा झाला! पुढे उत्पादन वाढले, भाव कोसळले आणि 2025 मध्ये कंपनीने तो ब्रँड बंद करत असल्याचे जाहीर केले. चढ्या भावाने घेणारा आज हळहळतो. पण त्याच्या बोटातला खडा तसूभरही बदललेला नाही. मग त्याने गमावले काय? या व्यापारात जैन घराणी पुष्कळ आहेत, आणि जैन आचार्य उमास्वातींनी परिग्रहाचे, म्हणजे वस्तू बाळगण्याचे, मूळ आसक्तीत पाहिले. त्या हिशेबाने ग्राहकाने पैसे मोजले ते लोकांच्या नजरेतल्या मोलासाठी, आणि ते मोल कधीच त्याच्या ताब्यात नव्हते.

कोणी म्हणेल, हे तत्त्वज्ञान फसवणाऱ्याच्या सोयीचे आहे. तसे नाही. त्याच उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त नकली माल अस्सल म्हणून खपवणे हा अचौर्यव्रताचा अतिचार, म्हणजे त्या व्रतातला दोष, ठरतो. प्रयोगशाळेतला हिरा खाणीतला म्हणून विकणारा त्यात सरळ सापडतो. आणि ‘भाव चढतच जाणार’ अशी हमी देणारा? माझ्या मते तोही. खड्याबरोबर तो एक खोटे भविष्य विकतो, ज्याची पावती मात्र कधी फाडत नाही. ग्राहक लोभी होता, एवढ्याने विकणारा सुटत नाही.